ऑफिसबाहेरून कंपनीचा मेल: राउटरवर पोर्ट उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीतली कंपनी, साठेक मेलबॉक्स. मेल सर्व्हर ऑफिसातच, एका लिनक्स मशिनवर, स्टॅटिक आयपीवर (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावर). ऑफिसातली मंडळी आउटलुक वापरतात. सर्व्हिस इंजिनिअर आणि सेल्सची माणसं महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतात, त्यांना मेल बघता येत नाही. म्हणून काहींनी कंपनीचा मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून घेतला आहे. मालकांचं म्हणणं, सर्व्हरवर राउंडक्यूब (वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल उघडून देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं आहेच, राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत यायचा दरवाजा, उघडा आणि सोमवारपासून सगळ्यांना लिंक द्या. हे सुरक्षित आहे का, त्यापेक्षा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा बंद मार्ग) लावावं का, आणि कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. पोर्ट उघडू नका. मेल होस्टेड सेवेवर, म्हणजे दुसरी कंपनी सांभाळते अशा सर्व्हरवर, हलवा. त्यातून जो वेळ आणि जीव वाचेल तो सगळा एका कामावर लावा: लॉगिन करणारा माणूस खरोखर आपलाच आहे, याची खात्री करणं. सॉफ्टवेअर कुठलं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे.

वेबमेल चालू करण्याआधी ऑफिसातल्या आउटलुकमध्ये अकाउंट पॉपवर आहे की आयमॅपवर (मेल आणण्याच्या या दोन पद्धती), हे बघा. साठ माणसांच्या कंपनीत, कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी बसवून दिलेल्या सर्व्हरवर, बहुतेक वेळा पॉपच निघतं. पॉपमध्ये आउटलुक सर्व्हरवरून मेल उतरवून त्या पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्ये ठेवतं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या खुणेखाली '१४ दिवसांनी काढून टाका' हे बहुतेकांच्या आउटलुकमध्ये आपोआप लागलेलं असतं आणि त्याकडे कोणी बघत नाही. म्हणजे तुम्ही उद्या वेबमेलची लिंक दिलीत की इंजिनिअर हॉटेलात बसून मेल उघडणार आणि त्याला फक्त गेल्या दोन आठवड्यांचा मेल दिसणार. मार्चमधलं ड्रॉइंग, मागच्या वर्षीची पीओ, काहीच नाही. पाठवलेला मेल तर अजिबातच नाही, कारण तो त्याच्या टेबलावरच्या पीसीत आहे. मग फोन तुम्हाला येणार की 'माझे सगळे मेल उडाले'. उडालेले नसतात, ऑफिसातल्या टेबलाखाली असतात. तो पीसी बंद आहे आणि त्याची हार्ड डिस्क गेली तर मात्र खरंच उडाले.

म्हणून पहिलं काम आयमॅपवर येणं, ज्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळीकडून तोच दिसतो. प्रत्येकाचं अकाउंट आयमॅपवर नव्याने जोडायचं, जुनी पीएसटी उघडून त्यातली फोल्डरं सर्व्हरवर ओढून टाकायची. हे कंटाळवाणं काम आहे. मोठ्या पीएसटीला रात्रभर लागतं आणि मध्येच तुटतं. आधी पीएसटीची प्रत काढा, मग हात लावा. पर्चेस आणि अकाउंट्सच्या पीएसटी सगळ्यात जाड असतात, त्या शेवटी ठेवा, तोपर्यंत हात बसलेला असतो.

आता स्वतःच्या सर्व्हरबद्दल. राउंडक्यूब चांगलं सॉफ्टवेअर आहे, मी ते वर्षानुवर्षं चालवलंय आणि आजही काही ठिकाणी चालवतो. पण जगासमोर उघडलेलं वेबमेल म्हणजे रोजची चाकरी. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ती कोडमध्ये जवळजवळ दहा वर्षं पडून होती. एकदा लॉगिन करता आलं की हल्लेखोराला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. दुरुस्ती १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत आली. दुरुस्ती आली की त्यात काय बदललं ते बघून हल्ल्याचा कोड लिहिणारे लोक असतात, आणि तसंच झालं, काही दिवसांतच. 'लॉगिन करता आलं की' या शब्दांवर थांबा. साठ माणसांत एकाचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि एकदोनतीन असा असतोच. तेवढा एक पुरतो. त्या आठवड्यात तुमच्या सर्व्हरवर अपडेट कोण टाकणार होतं? ज्याने सर्व्हर बसवला त्याचा फोन लागतो का? या प्रश्नाचं ठाम उत्तर नसेल तर पोर्ट ४४३, म्हणजे वेबमेलचा दरवाजा, बाहेर उघडणं तुमच्या हिताचं नाही.

मायक्रोसॉफ्टचं एक्सचेंज हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असंही कोणी म्हणेल. मार्च २०२१ आठवा. २ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज सर्व्हरसाठी तातडीच्या दुरुस्त्या काढल्या, तेव्हा त्या त्रुटींवर हल्ले आधीच चालू होते. जगभरात हजारो सर्व्हरवर वेब शेल, म्हणजे मागचं दार, बसवलं गेलं. त्यासाठी पासवर्डही लागत नव्हता. बाहेरून वेबमेल उघडता यावं म्हणून उघडं ठेवलेलं तेच पोर्ट पुरेसं होतं. ज्यांनी अपडेट टाकलं पण आधीच शिरलेलं काढलं नाही, ते नंतर रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तडाख्यात सापडले. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजूनही त्या आवृत्त्या बाहेर उघड्या ठेवून बसलेल्यांना माझं सांगणं एवढंच: आज संध्याकाळी बाहेरचा रस्ता बंद करा, बाकीची चर्चा उद्या.

आणि भोसरीचं म्हणाल तर गुरुवारचं महावितरणचं शटडाउन आहे. यूपीएस दोन-तीन तास धरतो. जनरेटर मशिनशॉपला असतो, सर्व्हरच्या खोलीला नसतो. तुमचा इंजिनिअर कोइमतूरला ग्राहकाच्या मशिनपाशी उभा आहे, त्याला पार्ट नंबर हवाय, आणि भोसरीत लाइट नाही. बाहेरच्या माणसासाठी केलेली सोय ऑफिसच्या विजेवर टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

व्हीपीएनबद्दल बरेच जण आग्रहाने सांगतात, म्हणून त्याचं थोडं विस्ताराने. व्हीपीएनने वेबमेल जगापासून लपतं हे खरं. पण त्या बदल्यात माणसाचा लॅपटॉप तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये येतो, जिथे टॅली आहे, ईआरपी आहे, ड्रॉइंगचा सर्व्हर आहे. फक्त मेल बघायला एवढं आत कशाला घ्यायचं? शिवाय व्हीपीएनच्या पेट्यांमध्येही गेल्या काही वर्षांत एकामागून एक गंभीर त्रुटी निघाल्यात, म्हणजे अपडेटची चाकरी तिथेही सुटत नाही. हॉटेलच्या वाय-फायवर कधी व्हीपीएनच अडवलेलं असतं. आणि ज्याला ते जोडताना चार वेळा अडचण येते, तो पाचव्या वेळी जीमेलवर फॉरवर्ड लावतो. आज तुमच्याकडे तेच झालंय. त्या माणसांना दोष देऊ नका. त्यांना काम करायचं होतं आणि कंपनीने रस्ता दिला नाही, म्हणून त्यांनी आपला शोधला. ईआरपी बाहेरून हवं असेल तर त्यासाठी व्हीपीएन जरूर ठेवा, मोजक्या लोकांना द्या. मेलसाठी नको.

होस्टेड सेवेत गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल हे तीन सरळ पर्याय आहेत. तिन्ही चांगले. ऑफिसात एक्सेल आणि आउटलुकवाचून पान हलत नसेल तर मायक्रोसॉफ्ट, बहुतेक माणसं फोनवरच काम करत असतील तर गूगल, पैशाचं गणित घट्ट असेल तर झोहो. केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहोच्या यंत्रणेवर नेला, आणि पत्ते मात्र सरकारी डोमेनचेच राहिले. तुमचंही तसंच होईल. डोमेन तुमचं, पत्ते तेच, व्हिजिटिंग कार्ड छापून घ्यायला नको. फक्त डोमेनचं लॉगिन कोणाकडे आहे ते आजच शोधा. ज्याने वेबसाइट करून दिली त्याच्या नावावर डोमेन निघालं, असं खूप ठिकाणी असतं, आणि तो नीट उत्तर देईपर्यंत सगळं अडतं.

स्वस्त पडतं म्हणून वेबसाइटच्या शेअर्ड होस्टिंगसोबत येणारा मेल काही जण घेतात. तो घेऊ नका. एकाच आयपीवर शेकडो वेबसाइट असतात, त्यातल्या एकाने स्पॅम पाठवलं की तुमचं कोटेशनही ग्राहकाच्या जंकमध्ये जातं.

इथून पुढचं मात्र नीट वाचा, कारण सेवा कुठलीही घेतलीत तरी हे तुम्हालाच करायचं आहे. गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट सर्व्हर सांभाळतील, पण तुमच्या माणसाने आपला पासवर्ड चोराच्या हातात दिला तर ते काही करू शकत नाहीत.

पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक पुरावा, सक्तीची करा. सगळ्यांना म्हणजे मालकांनाही. मालकांना सवलत दिली की ती सवलत वर्षभरात अर्ध्या कंपनीला मिळते, आणि फसवणाऱ्यांना नेमका मालकांचाच मेलबॉक्स हवा असतो. पडताळणी एसएमएसवर ठेवू नका. सिम अदलाबदलीची फसवणूक हे एक कारण. रोजच्या वापरातलं कारण त्याहून साधं आहे: प्लांटच्या तळघरात रेंज नसते, परदेशात रोमिंग घेतलेलं नसतं, कंपनीचं सिम दुसऱ्या फोनमध्ये असतं. ऑथेंटिकेटर ॲप हे सगळं टाळतं. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोन स्वतःच तयार करतो, नेटवर्क लागत नाही, विमानातही चालतो. फक्त फोनची वेळ आपोआप लागणारी ठेवा, कारण घड्याळ दोन-चार मिनिटं पुढेमागे असेल तर कोड जुळत नाही आणि माणूस ॲपला शिव्या देतो.

फोन बदलला किंवा हरवला की हेच ॲप डोकेदुखी होतं, त्याची तयारी आधी करा. बॅकअप कोड (ॲप हाताशी नसताना वापरायचे) प्रत्येकाला कागदावर छापून द्या, पाकिटात ठेवायला सांगा. कागदावर पत्ता किंवा कंपनीचं नाव लिहू नका. आणि ॲडमिन म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्याला दोन वेगळे मार्ग ठेवा, शिवाय दुसरा एक ॲडमिन असू द्या. सगळी कंपनी तुमच्या एका फोनवर अवलंबून असणं धोक्याचं आहे.

पण ॲपवरचा कोडही पुरत नाही असे हल्ले आता सर्रास होतात. एका कंपनीत झालेलं सांगतो, कारण हा प्रकार एकदा जवळून पाहिला की विसरता येत नाही. अकाउंट्समधल्या बाई रजेवर गावी होत्या. फोनवर मेल आला: तुमचा मेलबॉक्स भरला आहे, जागा वाढवण्यासाठी इथे लॉगिन करा. लिंक उघडली तर हुबेहूब लॉगिनचं पान, कंपनीचा लोगोसुद्धा. त्यांनी पासवर्ड टाकला, ॲपमधला कोडही टाकला, आणि मेल उघडला, खराखुरा. त्यामुळे शंका येण्याचं कारणच नव्हतं. मधल्या पानाने त्यांनी टाकलेलं सगळं खऱ्या साइटकडे जसंच्या तसं पुढे पाठवलं, आणि खऱ्या साइटने 'हा माणूस ओळखीचा' म्हणून ब्राउझरला जी सेशनची कुकी दिली ती चोराने ठेवून घेतली. आता त्याला ना पासवर्ड हवा, ना कोड.

त्याने लगेच काही केलं नाही. बरेच दिवस नुसता मेल वाचला. मग मेलबॉक्समध्ये एक रूल बनवला: परदेशी ग्राहकाच्या डोमेनवरून येणारा मेल वाचलेला म्हणून खूण करून 'आरएसएस फीड्स' या फोल्डरमध्ये टाक. ते फोल्डर आउटलुकमध्ये सगळ्यांकडे असतं आणि कोणी उघडत नाही. त्यानंतर बाईंच्याच पत्त्यावरून, त्यांच्याच भाषेच्या धाटणीत, चालू असलेल्या इन्व्हॉइसच्या धाग्यातच ग्राहकाला कळवलं की ऑडिटमुळे आमचं खातं बदललंय, पेमेंट या नव्या खात्यावर करा. ग्राहकाने शंका विचारली, ती आरएसएस फीड्समध्ये गेली. उत्तर चोराने दिलं. पैसे गेल्याचं कळलं तेव्हा ग्राहकाचा खरेदी अधिकारी थेट फोन करून विचारत होता की माल कधी निघतोय.

यातून करायच्या गोष्टी ठरतात. पैसे हलवू शकणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे अकाउंट्स, पर्चेस, मालक आणि ॲडमिन, पासकी (फोन किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा यूएसबी सिक्युरिटी की द्या. ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. नकली पानावर ती चालतच नाही, माणूस फसला तरी ती फसत नाही. मधे बसून कोड पळवण्याचा प्रकार तिथे थांबतो. बाकीच्यांना ॲप ठीक आहे. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं ॲडमिनच्या पातळीवरच बंद करा. तुमच्याकडची जीमेलची फॉरवर्डंही त्यात आपसूक जातील. महिन्यातून एकदा सगळ्यांच्या रूल्सवर नजर टाका. आणि खाते बदलाची कुठलीही सूचना, येणारी असो वा जाणारी, आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलून पक्की केल्याशिवाय मान्य करायची नाही, हे तुमच्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना पत्र पाठवून कळवा. त्या पत्राने जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याच उपकरणाने वाचत नाहीत.

असं घडलंच तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. पासवर्ड बदलला तरी चोराचं सेशन काही ठिकाणी चालू राहतं, त्याने बनवलेला रूल राहतो, त्याने जोडलेलं ॲप राहतं. सगळी सेशनं बंद करा, रूल आणि फॉरवर्ड काढा, खात्याला परवानगी दिलेली बाहेरची ॲप तपासा, दुहेरी पडताळणीत नवा फोन जोडलेला नाही ना बघा, आणि मग पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली तरच काही हाती लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे असतात. हे निर्देश खासगी कंपन्यांनाही लागू आहेत. तुम्ही घेत असलेल्या प्लॅनमध्ये लॉगिनचे लॉग किती दिवस राहतात हे विकत घेण्याआधी विचारा. कमी राहत असतील तर दर महिन्याला उतरवून ठेवा.

जुने प्रोटोकॉल विसरू नका. वेबवर दुहेरी पडताळणी आणि शेजारी पॉप किंवा आयमॅप फक्त पासवर्डवर उघडं, असं असेल तर चोर दुसऱ्या वाटेने येतो. मायक्रोसॉफ्टने ही नुसत्या पासवर्डची वाट ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला सुरुवात केली, गूगलनेही नंतर तेच केलं. तुमच्याकडे तरी कुठेतरी ती लागतेच: स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशिन, पगाराच्या स्लिपा पाठवणारं सॉफ्टवेअर. त्यांच्यासाठी वेगळा, फक्त पाठवता येईल असा पत्ता ठेवा. माणसाचं खातं त्यांना देऊ नका.

आता तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरचा खरा प्रश्न, जो बाहेरून मेलबद्दल बोलताना कोणी विचारत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांच्या आणि संरक्षण खात्याच्या प्लांटमध्ये गेटवर फोन जमा करून घेतात, नाहीतर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. लॅपटॉपची नोंद नसेल तर तोही आत जात नाही. आत मशिन बंद पडलेलं, इंजिनिअरला हायड्रॉलिक सर्किटचं ड्रॉइंग हवं, आणि मेंटेनन्सचा माणूस म्हणतो, 'या आमच्या पीसीवर उघडा की मेल'. फोन गेटवर आहे म्हणजे कोडही नाही. यूएसबी पोर्ट बंद केलेली असतात, म्हणजे कीसुद्धा चालणार नाही. बॅकअप कोडाचा कागद चालेल, पण मी तो अशा ठिकाणी वापरू देत नाही. त्या पीसीवर काय बसलेलं आहे हे तुम्हाला माहीत नाही. ब्राउझर पासवर्ड साठवून ठेवतो, पीडीएफ डाउनलोडमध्ये राहते, आणि 'साइन आउट' न करता माणूस मशिनकडे धावतो, कारण तिकडे लाइन थांबलेली असते. इन्कॉग्निटो विंडोने इतिहास राहत नाही, पण दाबलेली प्रत्येक की नोंदवणारं सॉफ्टवेअर असेल तर तिला कोण विचारतं?

यावर आम्ही बसवलेली पद्धत सोपी आहे आणि चालते. ग्राहकाच्या पीसीवर स्वतःचा मेल उघडायचाच नाही. प्लांटच्या लँडलाइनवरून ऑफिसच्या सर्व्हिस डेस्कला फोन करायचा, आणि ड्रॉइंग त्यांनी थेट ग्राहकाच्या त्या माणसाच्या अधिकृत कंपनी पत्त्यावर पाठवायचं. ड्रॉइंग त्यालाच बघायचं होतं, त्याच्याकडेच गेलं, आणि नोंदही राहिली. यासाठी सर्व्हिस डेस्कवर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत फोन उचलणारा माणूस हवा. तो ठेवा. वेबमेल त्याची जागा घेत नाही. आणि गेटवर जाण्याआधी कामाची कागदपत्रं छापून न्यायची जुनी सवय मोडू देऊ नका.

मोठ्या फाइलींचंही इथेच सांगतो. २५ एमबीची मर्यादा म्हणजे २५ एमबीची फाइल जाते असं नाही. मेलमध्ये जोडताना फाइल बेस६४ मध्ये बदलते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे अठरा एमबीच्या पुढे गेलात की मेल परत येतो. थ्रीडी मॉडेल असेल तर ड्राइव्हची लिंक पाठवा, पण 'लिंक असलेला कोणीही' असं न ठेवता त्या पत्त्यालाच परवानगी द्या आणि मुदत घाला.

परदेश दौऱ्यांचं वेगळं. सेल्सची माणसं हानोव्हरच्या प्रदर्शनाला जातात, ग्वांगझूच्या कँटन फेअरला जातात. भारताबाहेरचे सगळे लॉगिन अडवून ठेवण्याची सोय होस्टेड सेवांमध्ये असते, प्लॅन बघून घ्या, आणि ती वापरण्यासारखी आहे. जायच्या आठवड्यात त्या माणसापुरता तो देश उघडायचा आणि परत आला की बंद करायचा. चीनमध्ये जीमेल उघडत नाही, तिथल्या हॉटेलच्या वाय-फायवर तर नाहीच. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं असेल तर चालतं, कारण रोमिंगचा डेटा साधारणपणे आपल्या इथल्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो. गूगल घेणार असाल आणि माणसं चीनला जात असतील तर रोमिंगचा पॅक प्रवासखर्चात धरा. मुंबईच्या विमानतळावर पोहोचल्यावर ही आठवण करून देऊन उपयोग नसतो.

देशातल्या ठिकाणाच्या इशाऱ्यांवर मात्र फार विसंबू नका. मोबाइल इंटरनेटवर असलेला साताऱ्यातला माणूस यंत्रणेला मुंबईत दिसतो, कधी दिल्लीत. दर तासाला असा इशारा आला की आठवड्यात कोणी इशारे वाचत नाही. देशाबाहेरचा लॉगिन, नवा रूल, नवं फॉरवर्ड, ॲडमिनचा बदल, एवढ्याच चार गोष्टींचे इशारे ठेवा आणि ते आले की लगेच बघा.

हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायची भीती लोक जरा जास्तच घालतात. पान एचटीटीपीएसवर आहे आणि ब्राउझर कुरकुर करत नाही, तोवर मधला कोणी मेल वाचू शकत नाही. एकच नियम शिकवा: सर्टिफिकेटचा लाल इशारा आला की 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, फोनचा हॉटस्पॉट लावायचा.

सेल्सचा सामाईक पत्ता तुमच्याकडेही असेल, आणि त्याचा पासवर्ड चौघांना माहीत असेल, बहुधा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला. दुहेरी पडताळणी लावली की पहिली आरडाओरड इथून होते, कारण कोड एकाच्याच फोनवर येतो. त्यावर पडताळणी काढून टाकू नका. शेअर्ड मेलबॉक्स करा, ज्यात प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून तो डबा उघडतो आणि त्या पत्त्याला पासवर्डच नसतो. मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. गूगलमध्ये हेच काम ग्रुप्समधून होतं. उत्तर कोणी दिलं हेही मग कळतं.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवसाचा क्रम एचआरच्या टेबलावर लिहून ठेवा. शेवटचं पत्र हातात पडायच्या वेळी लॉगिन बंद, सगळी सेशनं बंद, फोनवरचं कंपनीचं खातं दुरून पुसलेलं, मेलबॉक्स साहेबांकडे वळवलेला. खातं डिलीट करू नका, त्यात ग्राहकांचा इतिहास आहे. फोनबद्दल आधीच लेखी संमती घ्या. माणसाच्या स्वतःच्या फोनवर कंपनीने किती हात घालायचा याची मर्यादा असते, आणि फक्त कामाचं प्रोफाइल पुसलं जाईल अशी व्यवस्था दोघांनाही बरी पडते. घरचे फोटो पुसले गेल्याची एक तक्रार आली की कोणी पुन्हा कंपनीचा मेल फोनवर घेत नाही.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावू नका. लोक शेवटचा आकडा वाढवतात, एवढंच होतं. लांब वाक्यासारखा एकच ठेवायला सांगा, मराठीतले चार असंबद्ध शब्द रोमन लिपीत चालतील, आणि तो इतर कुठल्याही साइटवर वापरू नका असं बजावा.

हलवण्याचं काम शनिवारी दुपारनंतर करा. आदल्या दिवशी एमएक्स नोंदीचा (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो. नव्या सेवेवर सगळे मेलबॉक्स आधी तयार आणि जुना मेल आयमॅपने आधीच ओतलेला असू द्या, मग एमएक्स फिरवा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी त्याच वेळी नीट करा, नाहीतर सोमवारी कोटेशनं स्पॅममध्ये जातील. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल मागवणारं ठेवा, महिनाभर अहवाल बघा, मग कडक करा. सोमवारी सकाळी बाहेरच्या माणसांना एक-एक करून फोनवर ॲप जोडून द्या. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून हे होत नाही, बोलूनच होतं. आधी प्रवासात असलेल्यांना घ्या, ऑफिसातल्यांचं दुपारी.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. त्याचं बाहेरचं पोर्ट बंद करा, तो आतल्या नेटवर्कवर फक्त वाचायला ठेवा, आणि दोनेक महिन्यांनी, कोणी जुना मेल मागेनासं झालं की, डिस्कची प्रत काढून मशिन मोकळं करा.